काट्याच्या संगणकाला वेगळी बांधी हवी



बेणे, खत, पाणी यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. आज तारांविषयी लिहीत आहोत. शेतकीची पदविका घेतलेल्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण उसाचा पैसा काट्यावरच्या नोंदीवरून निघतो आणि ती नोंद आता तारेतून जाते. म्हणून पडावे लागते.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. एका कारखान्यावर भर हंगामात कॅमेरे बसवणाऱ्याने एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोवली. संदेश त्या फेऱ्यात गरगर फिरू लागले आणि सगळे जाळे तुंबले. कॅमेरे बंद, हिशेब बंद, काटाही बंद! ट्रॉल्या उन्हात उभ्या, ऊस वाळतोय, वजन घटतेय. चूक कॅमेऱ्याच्या तारेची, दंड मात्र शेतकऱ्याला.

आपण तुमसरकडची धानाची माणसे. बांधीला धुरा नसला तर पाणी कुठे जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्विचमध्येही असे धुरे घालता येतात. त्याला व्हीलॅन म्हणतात. यंत्र तेच, तारा त्याच, पण आत वाटण्या वेगळ्या. त्याचे ८०२.१क्यू हे प्रमाण १९९८ साली मंजूर झाले. मात्र स्विच 'मॅनेज्ड' प्रकारचा हवा. साध्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते.

काम असे करावे. काट्याला क्रमांक १०, हिशेबाला २०, कॅमेऱ्यांना ३०, पाहुण्यांच्या वायफायला ४० द्यावा. स्विचचे प्रत्येक पोर्ट त्या त्या क्रमांकाला बांधावे आणि रिकामी पोर्टे बंद ठेवावीत. दोन स्विच जोडणारी तार म्हणजे ट्रंक. तिच्यातून जाणाऱ्या संदेशावर क्रमांकाची चिठ्ठी लागते, जशी ट्रॉलीबरोबर तोडणीची चिठ्ठी येते. एका बांधीतून दुसरीत जायला राउटरचे दार लागते. ते काटा आणि हिशेब यांच्यातच, गरजेपुरते उघडावे. शेवटी केलेली मांडणी स्विचमध्ये जतन करावी, नाहीतर वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

व्हीलॅन म्हणजे रामबाण नव्हे. ट्रंकची तार एकच असते. कॅमेऱ्यांनी ती भरली तर काट्याचा संदेशही खोळंबतो. म्हणून काट्याला अग्रक्रम द्यावा आणि फेरा ओळखून पोर्ट बंद करणारी सोय चालू ठेवावी. आणि काटाच खोटा असेल तर कितीही धुरे घाला, उपयोग नाही. तिथे वैधमापन खात्याचा शिक्का आणि प्रमाणित वजनेच हवीत.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण नोंदच अडली किंवा बिघडली तर हक्क मागायचा कशाच्या आधारावर? तेव्हा येत्या वार्षिक सभेत भावाबरोबर हेही विचारा : काट्याची बांधी वेगळी आहे का, आणि तिच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे? असे विचारण्यात संकोच कसला? कारखाना आपलाच आहे.

— ऊस विकास अधिकारी