परसांतील लोहशाळा

वाडा बांधतांना आपल्या वाडवडिलांनीं देवघर, माजघर, कोठार, न्हाणीघर, गोठा या सर्वांची जागा आधीं ठरविली आणि मग पाया खणला. लोखंड-पितळेच्या कामास मात्र त्या आंखणींत स्थान नव्हतें. फाळ लोहाराकडे जाई, पोचा पडलेलें तपेलें तांबटाकडे. पुण्याच्या तांबट आळींत राहतें घर आणि कारखाना पिढ्यान् पिढ्या एकाच छपराखालीं नांदले. तेथें ठोकलेल्या भांड्यांत आपल्या घरचें अन्न शिजलें. पण भांडें ठोकतात कसें, हें जाऊन पाहण्याची जिज्ञासा आपल्यांपैकीं फार थोड्यांस झाली.

आतां परसांतला गोठा रिकामा झाला आहे, आणि यंत्रविद्या शिकून आलेला पुतण्या किंवा नात "तेथें लेथ बसवूं कां?" म्हणून विचारूं लागली आहे. लागलीच घरांत दोन तट पडतात. आजोबांस आवाजाची धास्ती, आईस लेंकराच्या बोटांची, काकांस सामाईक पैशांची. यांतील एकही भीति खोटी नाहीं. तरी आमचा कौल होकाराकडे आहे. मात्र एका अटीवर. यंत्र घरीं येण्यापूर्वीं जागा, कामांची वाटणी आणि नियम हीं तिन्ही ठरलीं पाहिजेत.

होकार कां, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र डोळ्यांपुढें आहे. रंगांची पारख डोळ्यांस पुरी होईना, म्हणून त्यांनीं चित्रकला सोडून यंत्रांकडे मोहरा वळविला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं शिकविलें. १८८८ सालीं बंधूंसह बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. प्रत्येक मुलगा एवढें करील असें नव्हे. पण पांढरपेशा घरांतील हातानें हातोडी धरली तर कुळास उणेपणा येत नाहीं, एवढें तर त्यावरून सिद्ध होतें.

आतां वाटणी. वाग्भटाच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या रसरत्नसमुच्चयाच्या सातव्या अध्यायांत रसशाळेचें वर्णन आहे. अग्निकर्म आग्नेयेस, पाषाणकर्म दक्षिणेस, शस्त्रकर्म नैर्ऋत्येस, धुणें पश्चिमेस, वाळविणें वायव्येस आणि सिद्ध वस्तु ईशान्येस, अशी तेथें व्यवस्था सांगितली आहे. दिशांचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. त्यांतील मर्म धरतों. अग्नीचा कोपरा निराळा, पाण्याचा निराळा, तयार मालाचा निराळा. आजच्या भाषेंत वेल्डिंग एका टोकास, लेथ व ड्रिल दुसऱ्या टोकास, आणि ग्राइंडर या दोहोंपासून दूर. कारण त्याची कठीण पूड लेथच्या तेलकट सरकत्या भागांवर बसली कीं त्यांस कुरुंदाप्रमाणें झिजविते.

मोठी शाळा म्हणजे निदान २० फूट रुंद, ३० फूट लांब व १२ फूट उंच असावी. लोखंडी चौकोनी नळ्या बहुधा ६ मीटर, म्हणजे सुमारें २० फूट लांबीच्या मिळतात. त्या ठेवण्यास व फिरविण्यास लांब भिंत लागतेच. जमीन सळई घातलेल्या सहा इंच काँक्रीटची असावी, व तिच्याखालीं ओल अडविणारें जाड प्लॅस्टिक पसरावें. मध्यम लेथचें वजन अर्ध्या टनापासून दीड टनापर्यंत असतें. जुन्या फरशीवर तें ठेवलें तर फरशी दबते, यंत्राची बैठक किंचित् पिळवटते, आणि कातलेला दांडा एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक उतरतो. नुसत्या पत्र्याच्या छपरास आंतून दंव धरतें, तेंच ठिबकून यंत्रांस गंज चढतो. म्हणून पत्र्याखालीं उष्णता अडविणारा थर घालावा.

उजेड उत्तरेकडील उंच खिडक्यांतून घ्यावा; तो दिवसभर सारखा राहतो. दिव्यांच्या बाबतींत एक गणित ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आपली वीज ५० आवर्तनांची. तिच्यावर कांहीं नळीदिवे व हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदास १०० वेळां लुकलुकतात. मिनिटास १५०० फेरे घेणारा लेथ सेकंदास २५ फेरे घेतो, म्हणजे दर लुकलुकीस पाव फेरा. चकास चार सारखे जबडे असले, तर दर वेळीं एका जबड्याच्या जागीं दुसरा येतो आणि फिरता चक डोळ्यांस स्थिर दिसतो! न लुकलुकणारा दिवा हा चैनीचा विषय नव्हे, हें यावरून कळेल.

विजेची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. मोठ्या यंत्रांस तीन फेजची ४१५ व्होल्टची जोडणी, पक्कें अर्थिंग, आणि हातांत धरून चालविण्याच्या हत्यारांच्या वाहिनीस ३० मिलिअँपियर गळतीवर तुटणारा स्विच असावा. प्रत्येक यंत्रास असा स्टार्टर असावा कीं वीज गेली म्हणजे तें बंद पडेल, आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याविना चालू होणार नाहीं. वीज गेली असतां मुलगा चहाला उठतो, कोणी पोर आंत डोकावतें, आणि त्याच क्षणीं यंत्र आपोआप गरगरूं लागतें. आईची भीति ती हीच, आणि तिच्यावर उपाय आहे.

पोषाखाचा नियम सर्वांस सारखा. फिरत्या यंत्राजवळ उपरणें, सैल बाही, लोंबता पदर, मोकळे केस, अंगठी, गळ्यांतील सांखळी कांहींएक नको. लेथवर हातमोजाही नको, कारण तो अडकला कीं हातास ओढून नेतो. जानवें आंत घट्ट खोंचावें. चकाची किल्ली क्षणभरही चकांत ठेवूं नये. डोळ्यांवर चष्मा नेहमीं असावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडतांना निघणारा पांढरा धूर छातींत गेला तर कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधीं घांसून काढावा व काम मोकळ्या हवेंत करावें.

अग्नीविषयीं विशेष सांगणें आहे. गोठ्याच्या माळ्यावर कडबा, लांकडें, जुनीं वर्तमानपत्रें असतील तर तीं आधीं हलवावीं. ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या तोंडास तेलाचा हात लागूं देऊं नये. ॲसिटिलीनचें नळकांडें उभेंच ठेवावें. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास तेथेंच थांबावें, कारण फटींत गेलेली ठिणगी ताबडतोब पेट घेईलच असें नाहीं.

यंत्रांच्या आधीं मापन शिकवावें. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं खरा सपाट पृष्ठभाग साधण्याची रीत विद्वानांपुढें मांडली. दोन पाट्या एकमेकींस जुळवीत गेल्यास एक फुगीर व दुसरी तितकीच खोलगट असूनही त्या बरोबर जुळतात. तीन पाट्या आळीपाळीनें जुळविल्या तरच तिन्ही सपाट होतात. दोघांचें जुळलें म्हणजे तें खरें असें नव्हे. तिसऱ्याची साक्ष लागते. म्हणून पहिली खरेदी व्हाइस, कानस, गुण्या आणि कॅलिपर यांची असावी. कानसीनें एक इंचाचा घन सहाही बाजूंनीं काटकोनांत उतरला कीं ड्रिल आणावें, आणि मग लेथ. या क्रमानें उत्साह टिकतो कीं ओसरतो, हेंही थोडक्या खर्चांत कळून येतें.

काकांच्या शंकेस उत्तर वहींत आहे. यंत्र सामाईक पैशांतून घेतलें कीं मुलाच्या कमाईंतून, हें खरेदीच्याच दिवशीं लिहून ठेवावें. पुढें वांटणीच्या वेळीं कटुता येत नाहीं. आवाजाचा कायदाही आहे: २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आजोबांच्या वामकुक्षीची वेळ त्यांत नाहीं. ती घरच्या नियमांत घालावी. शाळेस कुलूप असावें आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी.

शेवटीं एक विनंती. पुस्तकानें कानस चालवितां येत नाहीं; ती शिकविण्यास कोणी जुना फिटर, लोहार किंवा तांबट आदरानें घरीं बोलवावा. त्यास योग्य वेतन द्यावें, आणि मुलांनीं त्यास "गुरुजी" म्हणावें. शाळेंत आयुष्य काढून आम्हीं हें संबोधन पुष्कळ ऐकलें. तें केवळ खडू धरणाराच्या मालकीचें आहे, असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.