विश्लेषण : शनिवार-रविवार, भाड्याची गाडी आणि देवळाली कॅम्प... नंबरप्लेटचा रंग का पाहायचा?

मुंबईतल्या पारशी, गुजराती आणि जैन कुटुंबांनी हवापालटासाठी देवळाली कॅम्प गाठायचे, हा प्रघात जुना आहे. लॅम रोडच्या आसपासची सॅनेटोरियम आणि जुने बंगले त्याची साक्ष देतात. तेव्हा ट्रंका घेऊन आगगाडीने यायचे आणि महिनाभर राहायचे. आता मुक्काम दोन रात्रींवर आला आहे आणि गाडी अनेकदा स्वतःचीही नसते. शुक्रवारी रात्री मोबाइलवरच्या ॲपवरून गाडी ठरवायची, शनिवारी पहाटे निघायचे आणि रविवारी रात्री किल्ली परत करायची. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून अशा सहलींचा मोह वाढला आहे. मात्र या सहलीचे गणित किलोमीटर आणि पेट्रोलपाशी संपत नाही. परक्याची गाडी चालवताना अपघात झाला तर कोणाच्या खिशाला हात लागणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

समृद्धीमुळे किती वेळ वाचतो?

कसारा घाटापुरते बोलायचे तर पुष्कळ. इगतपुरीजवळचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा हा या टप्प्याचा कणा आहे. एरवी मालमोटारींच्या मागे रखडत घाट चढण्यात अर्धा तास सहज जातो; बोगद्यातून तेच अंतर काही मिनिटांत पार होते. पण आमणे आहे भिवंडी तालुक्यात, आणि मुंबईकराला आधी तिथवर पोहोचावे लागते. ठाण्याचा माजिवडा, खारेगाव, माणकोली, वडपे हा पट्टा शनिवारी सकाळी जसा तुंबतो, तसाच समृद्धी नसतानाही तुंबत होता. त्यामुळे घाटात वाचलेली वेळ अनेकदा ठाणे-भिवंडीतच खर्ची पडते. पहाटे पाचच्या आत ठाणे ओलांडणाऱ्याला समृद्धीचा फायदा मिळतो. नाश्ता करून आठला निघणाऱ्याने तो गृहीत धरू नये.

देवळाली कॅम्पला जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. नाशिक शहरात जायचे असेल तर इगतपुरीला उतरून जुना मुंबई-नाशिक महामार्ग धरणे सोयीचे. कॅम्पसाठी मात्र पुढे भरवीरला बाहेर पडून घोटी-सिन्नर रस्त्याने पांढुर्ली आणि तिथून भगूरमार्गे जाता येते. नाशिकची गर्दी टळते आणि वाटेत भगूर लागते, जे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव आहे. रस्ता ग्रामीण आहे, रात्री अनोळखी गाडीने तिथे वेग धरू नये.

टोलचा हिशेब कसा?

मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. समृद्धीवर मोटारीसाठी १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा दर लागू झाला. म्हणजे आमणे ते इगतपुरी एका बाजूचे साधारण १५५ ते १६० रुपये, भरवीरपर्यंत गेल्यास दोनशेच्या आसपास. जुन्या महामार्गावर पडघ्याजवळ अर्जुनली आणि पुढे घोटी असे दोन नाके आहेत.

येथे एक गैरसमज होतो. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तीन हजार रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास (एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या) भाड्याच्या गाडीला चालत नाही. तो फक्त खासगी, बिगर-व्यावसायिक मोटारी, जीप आणि व्हॅनसाठी आहे, आणि राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांपुरताच. समृद्धी राज्याची असल्याने तिथे खासगी गाडीलाही त्याचा उपयोग नाही. भाड्याच्या गाडीचा फास्टॅग मालकाच्या नावाचा असतो. टोलची रक्कम नंतर ग्राहकाच्या बिलात येते की आगाऊ घेतली जाते, हे किल्ली हातात घेण्याआधी विचारलेले बरे.

जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे धरून चारशे किलोमीटर सहज होतात. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला सत्तावीस लिटर पेट्रोल लागते. लिटरचा दर शंभरावर असल्याने हा खर्च पावणेतीन हजारांच्या घरात जातो. भाड्याच्या पॅकेजमध्ये किलोमीटरची मर्यादा असेल तर ती चारशेच्या वर आहे ना, हे पाहावे. तीनशेच्या पॅकेजचे स्वस्त भाडे वरच्या शंभर किलोमीटरच्या दराने महाग पडू शकते.

काळी पाटी, पांढरी पाटी

स्वतः चालवायची गाडी भाड्याने देणे हा भारतात परवान्याचा व्यवसाय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्राने १९८९ मध्ये ‘रेंट अ कॅब’ योजना आणली. या योजनेत परवाना घेणाऱ्याकडे किमान पन्नास गाड्या असाव्यात अशी अट आहे. अशा गाड्यांची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह मिळणारी टॅक्सी, आणि पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी.

पन्नास गाड्यांची अट छोट्या व्यावसायिकाला झेपत नाही. दुसरीकडे शहरात हजारो खासगी गाड्या आठवडाभर इमारतीखाली उभ्या असतात. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून पांढऱ्या पाटीचा बाजार उभा राहिला. शेजारचा ओळखीने देतो, गल्लीतला एजंट चार-पाच गाड्या जमवून देतो, समाजमाध्यमांवर जाहिराती फिरतात. भाडे कमी असते आणि कागदपत्रांची कटकटही नसते. अडचण विम्याची आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरण्याची मुभा नसते. अपघातानंतर गाडी पैसे घेऊन दिली होती असे निष्पन्न झाले, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मग मालक दुरुस्तीचा खर्च कोणाकडे मागणार, हे उघड आहे. रस्त्यावरचा तिसरा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा फौजदारी भाग वेगळा. मित्राने प्रेमाने, पैसे न घेता दिलेल्या गाडीला हे लागू होत नाही. मात्र पैसे देऊन घेतलेली गाडी ‘मित्राची आहे’ असे पोलिसांना सांगणे हा सल्ला एजंट सर्रास देतात, आणि तो विम्याच्या चौकशीत टिकण्यासारखा नाही.

काळ्या पाटीची गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो का, अशी शंका अनेकांना असते. लागत नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतचे हलके परिवहन वाहन चालवू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

किल्ली घेताना काय तपासायचे?

गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे चित्रीकरण बहुतेक जण करतात. त्याहून महत्त्वाचे टायर. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सिमेंटचा तापलेला रस्ता, सलग वेग आणि झिजलेला किंवा जास्त हवा भरलेला टायर हे मिश्रण घातक ठरते. जुलै २०२३ मध्ये याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर टायर, चालकाची झोप आणि एकसुरी रस्त्याने येणारी गुंगी यांवर बरीच चर्चा झाली. सहलीच्या गाडीत हे सगळे धोके एकत्र येतात, कारण चालवणारा शुक्रवारी उशिरापर्यंत काम करून पहाटे चारला उठलेला असतो.

स्टेपनी, जॅक, पाना, वैध पीयूसी, विम्याची तारीख आणि पाटीचा रंग हे पाच मिनिटांचे काम. वेगाचे ई-चलन मालकाच्या नावावर येते आणि अनेकदा काही दिवसांनी. अनामत रक्कम किती दिवस अडकणार, हे त्यामुळेच विचारायचे.

देवळालीहून शनिवारी दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांकडे आणि वाइनरीकडे जाणे आता नेमाचे झाले आहे. रक्तात शंभर मिलीलिटरमागे ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय मद्याच्या अमलाखाली झालेल्या अपघातात गाडीच्या नुकसानीचा विमाही हात वर करतो. ‘चव घेतली फक्त’ हा बचाव श्वास तपासणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्या दिवसापुरती चालकासह टॅक्सी घेणे स्वस्त पडते.

कॅम्पमध्ये गाडीची गरज किती?

देवळाली ही १८६१ च्या सुमारास वसलेली ब्रिटिशांची लष्करी छावणी. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिक इथे महिनोन्‌महिने कंटाळत, आणि त्या भ्रमिष्टपणावरून गावाचे नाव इंग्रजीत ‘डूलाली’ होऊन शब्दकोशात गेले. आजही इथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. लष्करी हद्दीतले काही रस्ते नागरिकांसाठी नाहीत. नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या जवळच्या वाटेपेक्षा फाटकावरच्या जवानाचे ऐकावे, आणि छायाचित्रेही जपून काढावीत. बाजार, लॅम रोड, खंडोबाची टेकडी हे सारे पायी किंवा रिक्षाने होण्यासारखे आहे.

म्हणूनच दुसरा पर्याय विचारात घ्यायला हरकत नाही. संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस किंवा नाशिक रोडला थांबणारी वंदे भारत पकडायची, तिथून सात-आठ किलोमीटरवर कॅम्प, आणि गाडी घ्यायचीच तर शनिवारच्या एका दिवसापुरती नाशिकमधून. ठाण्याचा तुंबारा, समृद्धीचा टोल आणि रविवारी रात्री डुलक्या खात परतणे, तिन्ही टळतात. लहान मुले, वृद्ध आणि सामान असेल तर मुंबईहून गाडी हाच मार्ग उरतो, हेही खरे.

येत्या काळात नियोजनात आणखी एक बाब धरावी लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, आणि अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, २०२७ मध्ये. तोवर रस्त्यांची कामे आणि वळणवाटा असतील. स्नानाच्या दिवसांच्या मागेपुढे येणाऱ्या शनिवार-रविवारी खोली मिळाली तरी गाडी कुठवर जाऊ दिली जाईल, हे आरक्षणाचे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे लागेल.