जुनी तबकडी आणि घरचा संगणक

आर्वीच्या (जि. वर्धा) आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी आहे. वडील आतां नाहींत. आवाज तेवढा तींत उरला आहे. ती मोबाईलवर कशी आणावी, असें त्यांनीं विचारिलें. आम्हांस 'हँडब्रेक' ही मोफत आज्ञावली पसंत. तिची मांडणी सुटसुटीत. तयार मापांपैकीं एक निवडलें कीं झालें. परंतु नव्या आवृत्तीस निदान विंडोज १० लागतें, आणि स्नेह्यांचा संगणक विंडोज ७ चा! त्यावर 'व्हीएलसी' चालते, मात्र तिची रूपांतराची सोय 'मीडिया' यादींत दडलेली. 'एफएफएमपेग'मध्यें तर हुकूमच टंकावे लागतात. घरांतील वडीलधाऱ्यांस तें जड. तूर्त व्हीएलसीनें एच.२६४ मध्यें प्रत काढावी, एच.२६५ जुन्या यंत्रावर फार वेळ खातें. रूपांतरांत थोडा तपशील गळतोच, यास्तव मूळ तबकडी जपून ठेवावी.