निकाल ठरलेला, पण प्रेक्षक?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात एक मोठे भांडण झाले. कारण ना निवडणूक, ना खानावळीतली पातळ आमटी. अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूईच्या आजवरच्या मोठ्या कुस्ती-सोहळ्यांपैकी सर्वांत आवडता कोणता, याची यादी करावयास आम्ही सहाजण बसलो होतो. रात्री दीड वाजता रेक्टरसाहेबांनी येऊन दिवे घालविले, तोपर्यंत एकाही नावावर एकमत झालेले नव्हते. त्या यादीसंबंधी माझे मत मी येथे मांडणार आहे. ज्यांना हा विषय पोरकट वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या कवितेकडे वळावे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वी तिकडे मोठी कुस्ती दूरच्या गावांतील सभागृहांत पडद्यावर तिकीट लावून दाखवीत. १९८३ सालचे ग्रीन्सबरो येथील ‘स्टारकेड’ असेच दाखविले गेले आणि १९८५ सालची पहिली ‘रेसलमेनिया’ही बहुतांशी तशीच. मग घरच्या टीव्हीवर त्या एका संध्याकाळपुरते पैसे भरून पाहण्याची सोय झाली, तिलाच पे-पर-व्ह्यू म्हणतात. आठवड्याच्या फुकट कार्यक्रमांत भांडणे लावायची, शिव्याशाप द्यायचे आणि निकालासाठी मात्र पैसे मोजायला लावायचे, असा तो धंदा. एकेका रेसलमेनियाला साठ-साठ डॉलर पडत. २०१४ साली कंपनीने महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये सगळेच देऊ केले आणि २०२२ पासून तर ते जुने नावही टाकून दिले. आपल्याकडे हे सोहळे केबलवर आयतेच येत. माझ्या चुलतभावाच्या पिढीने ते पाहिले आणि पैलवानांच्या चित्रांचे पत्ते खेळून शाळेत मारही खाल्ला.

आमच्या घरी या छंदाला खरा विरोध आजोबांचा. आजोबा तालमीत वाढलेले, लाल मातीतले. माझ्या मोबाईलवर एकदा त्यांनी पाचएक मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “ह्याला कुस्ती म्हणत्यात व्हय? निकाल आधीच ठरल्याला, मग बघायचं काय त्यात?”

प्रश्न बिनतोड आहे. पण ‘नुरा कुस्ती’ हा शब्द काही अमेरिकेतून आलेला नाही. तो आपलाच आहे आणि तो आहे याचा अर्थ ती वस्तूही आपल्याकडे होती. जत्रेच्या मैदानात दोन पैलवान नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात टाकून घुटमळू लागले, की हलगी वाजत असतानाही गर्दीला वास येतो. लोक ओरडतात, टोप्या उडवितात, पंचांना खाली उतरावे लागते. आपल्या मैदानात गर्दी ओरडते ती ‘खरे लढा’ म्हणून. तिकडे मुळातच निकाल ठरलेला असतो हे सर्वांना ठाऊक आहे, तरी लोक जिवाच्या आकांताने ओरडतात. ते कशासाठी? माझे उत्तर असे की, दोघा पैलवानांचे ठरलेले असते, पण गर्दीचे कोणी ठरवू शकत नाही. जी संध्याकाळ गर्दीने आपल्या ताब्यात घेतली तीच पुढे वर्षानुवर्षे आवडती राहिली.

१९८७ सालची तिसरी रेसलमेनिया घ्या. डेट्रॉइटजवळ पॉन्टियाक येथील सिल्व्हरडोम. कंपनी ९३,१७३ प्रेक्षक सांगते, त्या आकड्यावर जाणकारांचा आजही वाद आहे. हल्क होगनने आंद्रे द जायंटसारखा डोंगर उचलून आपटला, ते चित्र जगभर गेले. पण रसिकांना विचारा, ते त्या दिवशीची दुसरीच कुस्ती सांगतील. रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. सॅव्हेजने तिचा डाव न् डाव आधी लिहून, घोकून बसविला होता. म्हणजे तिथे गर्दीचा वाटा कमी आणि पाठांतर अधिक. मला ती कुस्ती आवडते, पण एखादे उत्तम बसविलेले नाटक आवडावे तशी.

याच्या उलट १९९२ सालचा लंडनचा ‘समरस्लॅम’. वेम्ब्ली मैदानावर ऐंशी हजारांच्या घरात माणसे. शेवटची कुस्ती मुख्य विजेतेपदाची नव्हतीच, दुय्यम पट्ट्याची होती. ब्रेट हार्टविरुद्ध त्याचाच मेव्हणा डेव्ही बॉय स्मिथ, इंग्लंडचा पोरगा. ब्रेटने पुढे आत्मचरित्रात लिहिले की, डेव्ही बॉय कुस्ती सुरू होताच ठरविलेले सगळे विसरला आणि ब्रेट त्याला कानात एकेक डाव सांगत शेवटपर्यंत घेऊन गेला. आता या प्रसंगी ब्रेट हरायचा होता, हे लक्षात घ्या. स्वतःला हरविणाऱ्याला हाताला धरून जिंकवीत न्यायचे आणि ऐंशी हजारांना पत्ता लागू द्यायचा नाही! याला लबाडी म्हणावे की विद्या, हे वाचकांनीच ठरवावे.

परंतु माझ्या यादीत पहिली आहे ती १७ मार्च २००२ ची रेसलमेनिया. टोरांटो, स्कायडोम, अडुसष्ट हजार प्रेक्षक. रॉक हा त्या काळचा सर्वांचा लाडका. त्याच्यासमोर हल्क होगन, वय अठ्ठेचाळीस, नऊ वर्षांनी कंपनीत परतलेला, आणि परतला तोही दुष्टांच्या टोळीतून. आधीच्या आठवड्यांत या टोळीने रॉकला बदडले होते, तो ज्या रुग्णवाहिकेत होता तिच्यावर ट्रक घातला होता. एवढे सगळे करून ठेवल्यावर लोकांनी होगनची हुर्यो उडवावी, असा साधा हिशेब होता.

घडले उलटेच. होगन आला तसा गर्जनेने मंडप हादरला. दोघे नाकासमोर नाक आणून उभे राहिले, मग माना वळवून दोघांनीही गर्दीकडे पाहिले. मी तो क्षण कितीदा तरी पाहिला आहे. दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसते तो अभिनय आहे असे मला अजून वाटत नाही. रॉकने ठोसा मारला की हुर्यो, होगनने साधे ढकलले तरी जयजयकार. याच इमारतीत १९९० साली होगन अल्टिमेट वॉरियरकडून हरला होता. तेव्हा लहान असलेली पोरे आता बाप होऊन आली असतील, आणि बालपणीच्या दैवताला कंपनीने ‘दुष्ट’ ठरविले म्हणून ते दुष्ट मानायला त्यांची तयारी नव्हती. तेव्हा त्या दोघांनी काय करावे? पुढे रेटावे, की ऐकावे? त्यांनी ऐकले. रॉक हळूहळू दांडगाई करू लागला आणि होगन जुन्या नायकासारखा मार खात, अंग थरथरवीत उठू लागला.

निकाल मात्र बदलला नाही. ठरल्याप्रमाणे रॉकच जिंकला. पण त्या निकालाचा अर्थ पार बदलून गेला. कुस्ती संपल्यावर होगनच्याच टोळीतले दोघे त्याच्यावर धावून आले, रॉकने त्याला सोडविले, आणि मग लोकांसाठी जुन्या थाटात दंड फुगवून दाखव म्हणून जिंकलेल्याने हरलेल्याला विनविले. त्यानंतर मुख्य विजेतेपदाची कुस्ती व्हायची होती. ट्रिपल एच आणि जेरिको बिचारे लढले, पण गर्दीत आवाजच उरला नव्हता.

हाच होगन मनुष्य म्हणून कसा होता, हा प्रश्न मला कोणी विचारू नये असे नाही. २०१५ साली त्याचे वंशद्वेषाचे बोलणे उघडकीस आले. जानेवारी २०२५ मध्ये तो लॉस एंजेलिसला प्रेक्षकांसमोर आला तेव्हा त्याच गर्दीने, किंवा तिच्या मुलांनी म्हणा, त्याची यथेच्छ हुर्यो उडविली. जुलैमध्ये तो वारला. टोरांटोतील गर्दी चुकली आणि लॉस एंजेलिसची बरोबर होती, असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे कोणी शिकवून ठेवले नव्हते, एवढेच म्हणतो.

गर्दीने केवळ अर्थच नव्हे तर निकालही बदलल्याचे उदाहरण पाहिजे असेल तर २०१४ सालाचे घ्यावे. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. उंचीने बेताचा, दाढी वाढविलेला, पण कुस्तीत अस्सल. कंपनीला बटिस्टा आणि ऑर्टन हे देखणे, आडदांड गडी हवे होते. जानेवारीत पिट्सबर्गच्या ‘रॉयल रंबल’मध्ये तिसावा आणि शेवटचा गडी म्हणून ब्रायन येईल ही आशा होती. आला रे मिस्टेरिओ, एरवी पोराबाळांचा लाडका, आणि त्या बिचाऱ्यालाही शिव्या खाव्या लागल्या. बटिस्टा जिंकला तर लोकांनी त्याला नायक म्हणून उभेच राहू दिले नाही. शेवटी एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायनने आधी ट्रिपल एचला आणि मग ऑर्टन-बटिस्टा दोघांना मिळून हरविले. पंचाहत्तर हजारांनी बोटे वर करून ‘येस, येस’ असा जो घोष केला तो मोबाईलच्या फुटक्या आवाजातही अंगावर येतो.

आता भांडणाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. माझा खोलीसोबती धारवाडकडचा, घरात कन्नड बोलणारा. त्यांच्याकडे तालमीला ‘गरडीमने’ म्हणतात, पण कुस्तीला कुस्तीच. त्याच्या यादीत पहिला नंबर २८ जून १९९८ चा, पिट्सबर्गचा ‘किंग ऑफ द रिंग’. त्या रात्री अंडरटेकरने मॅनकाइंड ऊर्फ मिक फोली याला सोळा फूट उंच जाळीच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकले. स्ट्रेचरवरून नेत असता तो उतरून पुन्हा वर चढला, आणि या वेळी पिंजऱ्याचे छतच मोडून आत कोसळला. हे दुसरे पडणे ठरलेले नव्हते. दात तुटला, त्याचा तुकडा नाकात जाऊन बसला, तरी तो लढत राहिला. खोलीसोबती म्हणतो, “यात खोटे काय आहे ते दाखव.”

काहीच खोटे नाही. म्हणूनच मी ती माझ्या यादीतून काढतो. कुस्ती ‘खोटी’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावयाचे म्हणून एखाद्याने हाडे मोडून दाखवावी, आणि आम्ही ती रात्र ‘आवडती’ म्हणून मिरवावी, हे मला पटत नाही. टोरांटोच्या गर्दीने होगनकडून जे मागितले ते त्याचे जुने दिवस होते. पिट्सबर्गनंतरच्या गर्दीने मागितले ते आणखी उंचावरून पडणे. मागणारी तोंडे तीच, हे मला ठाऊक आहे. मीही मागितले असते.

त्या रात्रीला वर्षही झाले नव्हते, २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ‘ओव्हर द एज’ नावाचा सोहळा होता. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट दोरीच्या साह्याने छतावरून खाली उतरावयाचा होता. बांधणी सुटली आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून पडला. वय चौतीस. घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांना निवेदक जिम रॉस याने सांगितले की, हा करमणुकीचा भाग नाही, आणि पुढे तो गेल्याचेही सांगितले. सभागृहात बसलेल्या हजारोंना मात्र त्या रात्री तसे काही सांगण्यात आले नाही. पुढच्या कुस्त्या ठरल्याप्रमाणे झाल्या. सगळेच लटके असते अशी सवय झालेली ती गर्दी. तिला खरे कसे ओळखू यावे?

माझ्या सगळ्या म्हणण्याला इथे खीळ बसते, हे मी कबूल करतो. गर्दी ठरविते, गर्दी अर्थ बदलते, असे मी वर दिमाखात लिहिले. कॅन्सस सिटीत गर्दीला काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असलेल्यांनी ठरविले की खेळ चालू राहावा.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांना टोरांटोची ती कुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखविली. त्यांनी डावांकडे फारसे पाहिले नाही. “ह्या म्हाताऱ्याला लोक सोडंनात बघ,” एवढे मात्र दोनदा म्हणाले. मग मी ओवेन हार्टची गोष्ट सांगितली. आजोबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आमच्या मैदानात गडी बेशुद्ध पडला तरी हलगी थांबायची. त्यांच्यात हलगीवाला न्हवता व्हय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खोलीसोबत्याची यादी याच अंकाच्या कन्नड विभागात आहे, आणि त्याने पिट्सबर्ग पहिल्याच नंबरावर ठेवले आहे.