धुराआधी रांजण पाहा

पावसाळ्याने जोर धरला की गावोगाव तापाचे रोगी वाढतात. एखाद्या पोराला डेंग्यू निघतो, तालुक्याला नेऊन सलाईन लावावे लागते, आणि गावातून एकच मागणी होते, 'फवारणी करा!' मग ग्रामपंचायत धुराचे मशीन आणते. संध्याकाळी ते गल्लीतून घरघरत फिरते, पोरे मागे पळतात आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते. आठ-दहा दिवसांत डास पुन्हा हजर. पैसे गेले, ताप राहिला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, त्यातलाच हा प्रकार.

धूर अगदीच कुचकामी असे आमचे म्हणणे नाही. साथ पेटल्यावर उडते डास मारायला तो लागतो. पण पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही. शिवाय डेंग्यूचा डास बसलेला असतो घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे नि पलंगाखाली. आणि आपण दारे-खिडक्या लावून धूर करतो रस्त्यावर! कोणता डास, तो कुठे वाढतो, कधी चावतो, हे न बघता केलेला खर्च म्हणजे माती न तपासता टाकलेले खत.

ही चूक मोठमोठ्यांनाही महागात पडली आहे. रोनाल्ड रॉस हा ब्रिटिश फौजेतला डॉक्टर १८९५ पासून दोन वर्षे डास चिरून त्यात हिवतापाचा जंतू शोधत होता. हाती काही लागेना. कारण तो भलत्याच जातीचे डास तपासत होता. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत त्याला ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. ते त्याने हुसेन खान या हिवतापाच्या रोग्याला चावू दिले. एका डासामागे एक आणा असा मोबदला होता. २० ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या पोटात जंतू दिसला. पुढे १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. डास बदलला तेव्हाच उत्तर सापडले, एवढी गोष्ट आपण ध्यानात ठेवली तरी पुष्कळ.

आपल्या गावांत मुख्यतः तीन तऱ्हेचे डास आहेत. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस रात्री चावतो. पाटाचे आवर्तन संपल्यावर राहिलेली डबकी, ओढ्याकडेचे संथ पाणी, भातखाचरे, पडक्या विहिरी ही त्याची जागा. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात आणि संडासाच्या टाकीत वाढतो, तोही रात्रीचा. तिसरा एडिस. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकुनगुन्या पसरवतो. याला गटार नको, स्वच्छ साठवलेले पाणी लागते. रांजण, हौद, गोठ्यातले पिंप, पत्र्यावर टाकलेले टायर, फुटका डबा, काहीही चालते. म्हणून 'आमचं घर स्वच्छ आहे, आमच्याकडे कसले डास?' म्हणणाऱ्याच्या घरीही डेंग्यू निघतो.

अळी बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. बॅटरी आणि पांढरी वाटी पुरे. वाटीतल्या पाण्यात अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगत असेल तर ती ॲनॉफिलीसची. डोके खाली करून लोंबकळत असेल तर एडिस किंवा क्युलेक्सची. चौथी-पाचवीतले पोरही हे दोन दिवसांत शिकेल.

आता खरी गोम. अंड्यापासून डास उडायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आणि कित्येक गावांत नळाला पाणी येते तेही आठवड्याने! पाणी आठ दिवसांनी येणार, तर बाई ते साठवणार नाही तर काय करणार? तिला 'रांजण रिकामा करा' सांगून निघून जाणे सोपे आहे. म्हणूनच दुष्काळी पट्ट्यात, पाऊस कमी असतानाही डेंग्यू येतो. घरोघरच्या रांजणाइतकेच पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक हेही डासांचे कारण आहे, हे पंचायतीने आधी कबूल करावे.

ही नवी आपत्ती नव्हे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. मग तीस वर्षे रोग जणू गायब झाला आणि २००६ साली राज्यभर लोकांचे सांधे धरून बसला. हिवतापाचेही तेच. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रोगी असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास आला. आपण गाफील राहिलो, डासही औषधाला दाद देईनात, आणि १९७६ साली रोगी ६४ लाखांवर गेले. निव्वळ औषधावर विसंबले की असे होते.

उलट उदाहरणही आहे. १९८३ पासून गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या नडियाद भागात मलेरिया संशोधन केंद्राने फवारणीशिवाय हिवताप आटोक्यात आणण्याचा प्रयोग केला. खड्डे बुजवले, पाणी वाहते केले, मासे सोडले आणि गावकऱ्यांना कामात घेतले. हिवताप उतरला. हे आपल्याला अशक्य आहे काय?

करायचे ते असे. नळ येण्याच्या दिवशी सकाळीच रांजण-हौद रिकामे करावेत आणि आतून काथ्याने घासावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. भरलेल्या भांड्याला फडके घट्ट बांधावे. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत; मात्र नदी-तळ्यात सोडू नयेत, तिथले गावठी मासे संकटात येतात. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधावी. पाटाची गळती आणि चाऱ्यांतले गवत काढायला पाणी वापर संस्थेने पुढे यावे.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एक वही घालावी. किती घरे पाहिली, किती भांडी तपासली, किती भांड्यांत अळी सापडली, एवढेच तीन रकाने. आशाताई आणि आरोग्य सेवक यांच्यासोबत दर आठवड्याला एकेक वस्ती फिरावी आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. धुराच्या बिलावर सही करण्याआधी सदस्यांनी ही वही मागावी.

आणि शेतकरी बांधवांनो, ताप अंगावर काढू नका. थंडी वाजून ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिवताप निघाला तर उतार पडला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. डेंग्यूचा संशय असेल तर मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असे दिसले तर एक तासही न दवडता दवाखाना गाठा.

ऐन खुरपणीत घरातले दोन माणसे आठवडाभर अंथरुणाला खिळली तर मजुरी बुडते, तण माजते आणि दवाखान्याचे बिल उसनवारीने भरावे लागते. त्या मानाने रांजण घासायला लागतात दहा मिनिटे. पण ती दहा मिनिटे घरच्या बाईच्याच गळ्यात घालू नका. रांजण घरातल्या कर्त्याने घासावा, आणि नळ वेळेवर सोडण्याचे काम पंचायतीने करावे.