प्रौढ शागीर्द

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यांत अधूनमधून एक अपरिचित मनुष्य येतो. तो कारागिराच्या घरात जन्मलेला नसतो, वयाने चाळिशीच्या आसपास असतो, आणि बँकेत किंवा विम्याच्या कचेरीत दहा-पंधरा वर्षे इमानेइतबारे चाकरी केल्यावर, बढती व भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब मनाशी पुरता मांडून, राजीनाम्याचा मसुदा खिशात घेऊनच तो तानपुरा करायला शिकवाल का, असे विचारतो. बहुतेक ठिकाणी, लहानपणापासून हात बसल्याखेरीज हे जमत नाही, असे सांगून चहापाण्यावर त्याची बोळवण होते. क्वचित एखादा कारखानदार शुल्क घेऊन आठवडाभर त्याला पॉलिश दाखवितो आणि हौस पुरवून परत पाठवितो. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, आणि दोन्हींत आपल्या धंद्याची हानी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा धंदा मुळात पेशा बदललेल्या माणसांनीच उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्रजी अमलात हत्यारे उजळण्याचे काम ओसरत चालले असता, फरीदसाहेब शिकलगारांनी पटवर्धनांच्या मिरजेत गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि पुढे त्यांच्या घराण्याने सतारमेकर हे नाव धारण केले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. वाद्यदुरुस्तीत ज्यांचा स्वतःचा हात तरबेज, अशा गवयाच्या कानाला पटेल असे वाद्य देणे ही येथल्या कारागिराची परीक्षाच होती. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु मानांकनाने नावाचे रक्षण होते, नवे हात तयार होत नाहीत. कारागिरांची मुले शिकून कचेऱ्यांकडे निघाली आहेत, आणि बापाची कमाई व झिजलेली बोटे पाहत वाढलेल्या त्या मुलांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रौढ शागिर्दाची खरी अडचण जवारीपाशी कळते. घोडीचा पृष्ठभाग अत्यल्प उताराने घासलेला असतो. तार त्या उताराला निसटता स्पर्श करीत कंप पावते आणि तीतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरांश उमलतात. कानशीचा एक हात अधिक पडला की सारे बिघडते. कचेरी सोडून आलेला एक गृहस्थ या कामास बसलेला आम्ही पाहिला. कानस फिरवावी, तार चढवावी, छेडावी, तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवावा, पुन्हा तार उतरवावी, हा क्रम तो बिनचूक पाळीत होता. पण त्याची दृष्टी घोडीवर खिळलेली होती, जणू दोष डोळ्यांनाच सापडणार होता. उस्तादांनी बराच वेळ पाहून त्याच्या हातची कानस काढून घेतली. "बघू नका. खर्ज ऐका. आवाज लवकर मरतोय का?" तो म्हणाला, मरतोय. "का मरतोय?" यावर त्याला उत्तर सुचेना, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते उस्तादांनाही शब्दांत सांगता येईना, कारण त्यांच्या वडिलांनी ते त्यांना कधी सांगितलेच नव्हते, पोरवयापासून शेजारी बसून ते नकळत कानात उतरले होते. ती दुपार दोघांनी शब्द शोधण्यात घालविली. घोडी कशाची, तार कोणत्या जाडीची, कानस कोठे फिरली आणि आवाजात काय पालटले, याची नोंद तो गृहस्थ कचेरीतल्या सवयीने रोज वहीत करू लागला, आणि आता कारखान्यातली पोरेही ती वही उघडून पाहतात.

मुलाला जे सहवासाने मिळते ते प्रौढाला विचारून घ्यावे लागते, आणि त्याच्या विचारण्याने आपली मूक विद्या बोलू लागते, म्हणून तो आपल्याला हवा आहे. कान तयार होण्यास त्याला विलंब लागेल. कदाचित जवारीत तो अव्वल दर्जास पोचणारही नाही. पण भोपळ्याची निवड, तूणाच्या दांडीचे जोडकाम, सतारीचे पडदे बांधणे, ही कामे चिकाटीच्या माणसाला साधतात, आणि त्यांसाठीही आज माणूस मिळत नाही.

त्याच्याशी व्यवहार मात्र स्वच्छ असावा. भोपळा पुरता वाळून हाती येईपर्यंत महिने जातात, लाकूड मुरावे लागते, पैसा उशिरा आणि बेभरवशाचा येतो. ठरल्या तारखेस पगार घेत आलेल्या संसारी माणसाला हे राजीनाम्यापूर्वीच सांगितले पाहिजे, आणि शक्य तर आधी रजा काढून काम पाहून जाण्याचा आग्रह धरला पाहिजे. सरकारी आधारावर त्याने विसंबू नये. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत वाद्यनिर्मितीचे नाव नाही, शिवाय ती योजना आधीपासून धंद्यात असलेल्यांसाठी आहे. तेव्हा करार आपणच करावयाचा: मुदत किती, विद्यावेतन काय, कोणते काम केव्हा हाती देणार. झाडलोट आणि घासकाम त्याने अवश्य करावे. वर्षभर तेवढेच करावयास लावणे हा अन्याय होय.

ज्या कारखानदारांची असा शागीर्द घेण्याची तयारी असेल त्यांनी आपल्या अटी आम्हांस लेखी कळवाव्यात. पुढील अंकापासून त्या या मासिकात विनामूल्य छापल्या जातील.