हलाल आहे का, याबरोबर हेही विचारा

अम्मी चार वर्षांपासून खुर्चीवर बसून नमाज पढते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही, याचं दुःख तिला गुडघ्यापेक्षा जास्त आहे. त्यामुळे "तुमच्याच रक्तातून औषध काढून गुडघ्यात सोडू, कूर्चा पुन्हा वाढेल," असं एका डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा खुलला. घरात पहिला प्रश्न निघाला: बाहेर आलेलं रक्त नापाक, ते परत आत घेणं जायज आहे का? मामूंनी मौलानांना फोन लावला. इलाजासाठी हरकत नाही, असं उत्तर आलं आणि सगळे निर्धास्त झाले.

गुण येतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

या इंजेक्शनला पीआरपी म्हणतात. रक्त यंत्रात वेगानं फिरवून प्लेटलेट्सचा थर वेगळा काढतात. त्यात 'ग्रोथ फॅक्टर' असतात, म्हणजे पेशींना 'वाढा, जखम भरा' असा निरोप देणारी प्रथिनं. कल्पना पोकळ नाही. १९६५ साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, आणि तिथं चक्क नवं हाड तयार झालं. अशा प्रथिनांपैकी एक २००२ मध्ये तिथं मणक्याच्या ऑपरेशनसाठी मंजूरही झालं. पण हाडाला रक्तपुरवठा असतो, कूर्चेला नसतो. निरोप पोचला तरी कामाला मजूर कुठून येणार? ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या संधिवाताच्या २८८ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईन. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर ना वेदनेत म्हणावा असा फरक, ना कूर्चेत. काही छोट्या अभ्यासांत दुखणं कमी झाल्याचं दिसतं, पण दुखणं कमी होणं वेगळं आणि कूर्चा वाढणं वेगळं.

हलालचा प्रश्न फालतू आहे, असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका उपचारात रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, आणि त्या ज्या पडद्यावर बसवतात तो डुकराच्या कोलॅजनचा असतो. तिथं चर्चा व्हायलाच हवी. हनफी आणि शाफई घरांत उत्तरं वेगळीही येतील. पण हराम औषधाला सूट देणाऱ्या जुन्या हनफी फकीहांनी अट काय घातली होती? त्यात शिफा आहे हे माहीत असावं, आणि दुसरं औषध माहीत नसावं. म्हणजे 'गुण येतो का' हा प्रश्न मसल्याच्या आतलाच आहे. आपण त्यातलं अर्धंच विचारतो.

अम्मीनं तीन इंजेक्शनं घेतली. महिनाभर बरं वाटलं, मग होतं तेच. कूर्चा वाढल्याचं कशावरून कळेल, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "सर, विश्वास ठेवावा लागतो." आता ती जोहरनंतर खुर्चीवरच पाय सरळ करून मांडीचे व्यायाम करते. जिना चढताना थोडा फरक आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या चाचींना तोच सल्ला मिळाला. त्या मौलानांकडे निघाल्या होत्या. मी कागदावर दोन प्रश्न लिहून दिले, मौलानांसाठी नव्हे, डॉक्टरांसाठी: हे किती रुग्णांवर तपासलंय, आणि सलाईन दिलेल्यांपेक्षा त्यांना किती जास्त फायदा झाला?